नवजात मधुमेह : विरळ आजार आणि आरोग्यनियोजन

बंगळूरुजवळील आनेकल तालुक्यात, बोम्मसंद्र औद्योगिक वसाहतीत बायोकॉन कंपनीचा इन्शुलिननिर्मिती प्रकल्प उभा राहिला. २००४ मध्ये या कंपनीने भारतात तयार झालेले मानवी इन्शुलिन बाजारात आणले. त्याच वर्षी नवजात मधुमेहास कारणीभूत असणारा एक प्रमुख जनुकदोष उजेडात आला. अशा बालकांपैकी अनेकांना इन्शुलिनऐवजी साधी गोळी पुरते, हे त्यातून पुढे सिद्ध झाले.

वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत उद्‍भवणाऱ्या मधुमेहास नवजात मधुमेह म्हणतात. त्याचे प्रमाण साधारणतः एक लाख जन्मांमागे एक इतके मानले जाते. भारतात दरवर्षी सुमारे अडीच कोटींच्या आसपास बालके जन्मतात. हे प्रमाण येथे लागू धरल्यास वर्षाला सुमारे अडीचशे बालके, असा ढोबळ अंदाज निघतो. मधुमेही मातेचे मूल मात्र मधुमेही जन्मत नाही; उलट जन्मानंतर त्याच्या रक्तातील साखर घटण्याचा धोका असतो.

सुमारे निम्म्या बालकांत हा आजार काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो, परंतु पौगंडावस्थेत तो पुन्हा उद्‍भवू शकतो. उर्वरित बालकांत तो कायमस्वरूपी असतो. केसीएनजे-११ या जनुकात दोष असल्यास स्वादुपिंडातील बीटा पेशींची पोटॅशियम मार्गिका बंद होत नाही व तयार इन्शुलिन पेशीतच अडकून राहते. सल्फोनिलयुरिया गटातील औषधे ही मार्गिका बंद करतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा दोष असलेल्या ४९ पैकी ४४ रुग्णांचे इन्शुलिन या गोळ्यांमुळे थांबवता आले. इन्शुलिनच्या जनुकातच दोष असल्यास मात्र सामान्यतः इन्शुलिन अपरिहार्य ठरते.

म्हणूनच जनुकीय तपासणी निर्णायक ठरते. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये ती होते. तपासणीचा खर्च एकदाच येतो. इंजेक्शनांचा खर्च व यातना आयुष्यभराच्या असतात. तथापि, वारंवार लघवी, शुष्कता व वजन न वाढणे ही लक्षणे जंतुसंसर्गाची समजली जाण्याचा धोका असतो. आजारी अर्भकाच्या रक्तातील साखर प्राथमिक आरोग्य केंद्रातच मोजली गेली, तर पुढील मार्ग खुला होतो. औषधाची उपलब्धता आणि योग्य निदान यांची सांगड घालणे, हेच आरोग्यनियोजनाचे खरे कार्य होय.