वारणेची वाटणी

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर जेमतेम दोन-अडीच महिन्यांत, मे १७०७ मध्ये, शाहजादा आझमशहाने माळव्यातून शाहूराजांना सोडून दिलं. सतरा वर्षांची कैद संपली, पण त्यामागे दयामाया नव्हती. तख्तासाठी भावाशी लढायला निघालेल्या आझमला मागे दख्खनेत मराठ्यांचा ससेमिरा नको होता. शाहू परतले की घरातच दोन वारस उभे राहतील, हा झुल्फिकारखानाचा हिशेब. शाहूंच्या आई येसूबाईंना मात्र मोगलांनी ओलीस ठेवून घेतलं. त्या सुटल्या १७१९ मध्ये.

हिशेब अचूक ठरला. राजाराम महाराजांच्या राणी ताराबाईंनी शाहूंचा हक्क साफ नाकारला. शाहूंचे वडील संभाजीराजे यांचं राज्य मोगलांनी बुडवलं, नंतरचं राज्य राजाराम महाराजांनी उभारलं, म्हणून ते आपल्या मुलाचं, असं त्यांचं म्हणणं होतं. राजाराम गेल्यावर सात वर्षं ज्यांनी आलमगिराला गडागडांवर झुलवत ठेवलं, त्यांना हे म्हणायचा पुरेपूर अधिकार होता, असं मला वाटतं. आलेला शाहू तोतया आहे, असंही त्यांनी पसरवलं. ते मात्र टिकलं नाही.

सरदारांकडून दूधभातावर शपथा घेवविल्याचं सांगतात. तरीही ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव ऐन वेळी शाहूंच्या बाजूला गेले. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंना साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि १७१० मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईंच्या मुलाची दुसरी गादी, म्हणजे कोल्हापूरची गादी, उभी राहिली.

पुढचं युद्ध तलवारीपेक्षा वतनांवर आणि सरंजामांवर चाललं. सरदार दोघांनाही हवे होते, त्यामुळे निष्ठेचा भाव चढत गेला. धनाजींचा मुलगा चंद्रसेन शाहूंना सोडून ताराबाईंकडे आला आणि तिथूनही निजामाकडे गेला. ताराबाईंच्या बाजूचे कान्होजी आंग्रे १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी शाहूंकडे वळवले, तेही त्यांचे किल्ले आणि आरमार त्यांच्याच हाती ठेवून. खेडच्या मैदानापेक्षा या सौद्यांनी छत्रपतींचं बळ जास्त खच्ची केलं. वतनदार हे लहानसे राजेच होत, हे कोल्हापूर दरबारातल्या रामचंद्रपंत अमात्यांनी त्याच सुमारास ‘आज्ञापत्रा’त बजावून ठेवलं. ऐकायला उसंत कुणाला होती!

१७१४ मध्ये पन्हाळ्यावरच घाव बसला. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाईंच्या पक्षाने ताराबाईंना मुलासह कैद केलं आणि राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला. कोल्हापुरात कावळा नाक्यावरच्या ताराराणींच्या अश्वारूढ पुतळ्याचा आपल्याला अभिमान आहे, तो असावाच. पण त्यांना कैदेत टाकलं ते कोल्हापूरच्याच गादीने, हेही आपण मुलांना सांगायला हवं.

या संभाजीराजांनी निजामाचा हात धरला. १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडलं तेव्हा तो आधार सुटला. १७३० मध्ये शाहूंच्या फौजांनी वारणेकाठी संभाजीराजांचा तळ उधळला. त्या वेळी हाती आलेल्या ताराबाई पुढे साताऱ्यातच राहिल्या. एप्रिल १७३१ मध्ये वारणेचा तह झाला. वारणा-कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरला मिळाला. एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत, असंही कलम त्यात घालावं लागलं. चोवीस वर्षांचं दुखणं नेमकं तेच होतं.

साताऱ्याची सत्ता शाहूंनंतर पेशव्यांकडे गेली आणि १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून ते राज्य खालसा केलं. धाकटं म्हणून गणलेलं कोल्हापूर मात्र टिकलं. म्हणूनच राजर्षी शाहू महाराजांना १९०२ मध्ये आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवता आल्या. १ मार्च १९४९ रोजी हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. वारणा मात्र आजही मोठ्या टप्प्यात सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची हद्द आहे.