गाद्यांनी उलगडलेले कोडे

घराला रंग देण्यासाठी खोलीतील सामान बाहेर काढले म्हणजे एक गंमत अनुभवास येते. नेहमीच्याच आवाजात उच्चारलेला शब्द त्या रिकाम्या खोलीत घुमू लागतो. गाद्या, सतरंज्या, कपडे पुन्हा जागच्या जागी आले की हे घुमणे नाहीसे होते. असे का व्हावे?

ध्वनी भिंतीवर आदळला म्हणजे त्याचा काही भाग परत फिरतो व काही भाग शोषला जातो. दगड, काच, चुन्याचा गिलावा हे पदार्थ कठीण व गुळगुळीत असल्यामुळे बहुतेक सारा ध्वनी परत पाठवितात. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत राहतो आणि मूळ आवाज थांबल्यावरही काही काळ ऐकू येतो. यालाच निनाद म्हणतात. कापूस, लोकर, जाड कापड यांत मात्र असंख्य बारीक पोकळ्या असतात. ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. ते या पोकळ्यांत शिरले की हवा धाग्यांशी घासली जाते, कंपनाच्या शक्तीची किंचित उष्णता बनते आणि ध्वनी विरून जातो.

कोणता पदार्थ किती ध्वनी शोषतो, हे मोजण्याची वेळ अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठावर १८९५ साली आली. तेथे एका कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली होती. तिच्यातील व्याख्यानगृह दिसावयास सुंदर. परंतु तेथील व्याख्यान कोणास समजेना! उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळात वक्त्याच्या मुखातून आणखी बारा-पंधरा अक्षरे बाहेर पडत आणि सर्वांचा एकच गोंधळ होई. हा दोष दूर करण्याचे काम वॉलेस सॅबाइन या सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाकडे आले.

त्याच विद्यापीठातील सँडर्स नाट्यगृहात बसण्याच्या बाकांवर गाद्या होत्या. सॅबाइन यांनी त्या रात्री व्याख्यानगृहात आणविल्या. दिवसा रस्त्यावरील गोंगाटामुळे सूक्ष्म आवाज ऐकू येत नसे. म्हणून मध्यरात्रीनंतर प्रयोग चाले आणि सकाळ होण्यापूर्वी गाद्या परत जागेवर जात. एक नळी वाजवून थांबवावयाची आणि तिचा निनाद ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ मोजावयाचा, ही त्यांची रीत. गाद्या जसजशा वाढल्या, तसतसा निनाद घटत गेला. आसने, जाण्यायेण्याच्या वाटा व मागची भिंत गाद्यांनी झाकली, तेव्हा तो सुमारे १.१४ सेकंदांवर आला.

उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला ध्वनी परत येत नाही. म्हणून तिचे शोषण पूर्ण मानून सॅबाइन यांनी इतर पदार्थांची तुलना तिच्याशी केली. या कामात त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. निरीक्षकाच्या अंगावरील कपडेही ध्वनी शोषीत होते! कपडे बदलले की मोजमापही किंचित बदले. फरक अगदी लहान होता. तो कोणाच्या ध्यानातही आला नसता. तरीही त्यांनी तीन हजारांहून अधिक निरीक्षणे रद्द केली आणि पुढे प्रत्येक वेळी तेच कपडे घालून ती नव्याने घेतली.

या परिश्रमांतून एक नियम हाती आला : दालन जितके मोठे, तितका निनाद दीर्घ, शोषण जितके अधिक, तितका निनाद अल्प. व्याख्यानगृहाच्या भिंतींवर नमदा लावण्यात आला आणि तेथे व्याख्याने होऊ लागली. याच नियमाच्या आधारे बॉस्टन शहरातील सिंफनी हॉल हे संगीतगृह बांधले गेले. १९०० साली उघडलेल्या या वास्तूची गणना आजही जगातील उत्तम संगीतगृहांत होते. संगीतगृहाचा निनाद किती काळ टिकेल, याचे गणित बांधकामापूर्वीच मांडता आले, ते अशा काटेकोर निरीक्षणांमुळे. किंचित चुकीचे आकडे ज्याने चालवून घेतले नाहीत, त्याच्याच हाती खरा नियम लागला.