गर्भिणीची औषधयोजना आणि संगणकीय रुग्णनोंदी

नव्या औषधाच्या चाचण्यांतून गर्भिणीला सहसा वगळले जाते. त्यामुळे औषधाचा गर्भावर काय परिणाम होतो, हे पुष्कळदा नंतर रुग्णनोंदींवरूनच शोधावे लागते. मातेची नोंद बालकाच्या नोंदीशी संगणकावर जोडता आली, तर लक्षावधी प्रसूतींचा अभ्यास शक्य होतो. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष तुलना कोणाशी केली यावर अवलंबून असतो. याचे एक उदाहरण वैद्यबंधुभगिनींसमोर ठेवीत आहे.

रक्तदाबावरील ‘एसीई इन्हिबिटर’ वर्गातील औषधे गर्भारपणाच्या उत्तरार्धात गर्भाच्या वृक्कांना घातक ठरतात, हे पूर्वीच ज्ञात होते. पहिल्या तीन महिन्यांविषयी मात्र स्पष्टता नव्हती. अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या मेडिकेड योजनेतील २९,५०७ बालकांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. केवळ पहिल्या तिमाहीत ही औषधे मिळालेल्या मातांची २०९ बालके त्यात होती. रक्तदाबाचे कोणतेही औषध न घेतलेल्या मातांच्या बालकांशी तुलना करता त्यांच्यात जन्मजात व्यंगांचे प्रमाण सुमारे पावणेतीन पट आढळले.

पुढे २०११ साली उत्तर कॅलिफोर्नियातील कैसर परमनेंटे या आरोग्यसंस्थेच्या ४,६५,७५४ माता-बालक जोड्यांच्या संगणकीय नोंदी तपासण्यात आल्या. येथे रक्तदाब असूनही औषध न घेतलेल्या माताही तुलनेस घेतल्या. तेव्हा वाढलेल्या जोखमीचे कारण औषधापेक्षा मूळ व्याधी असावी, असे दिसले. उत्तरार्धातील धोका ध्यानी घेता ही औषधे गर्भारपणात टाळण्याचा दंडक मात्र कायमच आहे.

व्याधी आणि औषध यांचे कार्य वेगळे ओळखणे आपल्या शास्त्राला अपरिचित नाही. नोंदवहीत मात्र आपण बहुधा केवळ कल्पाचे नाव लिहून मोकळे होतो! गर्भाचा मास, निदान, मात्रा, अनुपान, कालावधी आणि सोबत चालू असलेली आधुनिक औषधे, इतके तरी लिहिले जावे. व्याधी असून औषध न दिलेल्या गर्भिणीचीही नोंद तितकीच मोलाची आहे. औषधालयचालकांनी विक्रीच्या नोंदीत निर्मात्याचे नाव व बॅच क्रमांक घ्यावा, कारण एकाच नावाचा कल्प दोन निर्मात्यांकडून सारखाच येईल असे नाही. शिवाय विक्रीची नोंद औषध नेल्याचे सांगते, घेतल्याचे नव्हे. ते पुढील भेटीत रुग्णेलाच विचारावे लागते.