नवोदित पटकथाकार व चित्रपटसृष्टीचें दार

गेल्या स्नेहसंमेलनानंतर करंज्याचे एक पालक आम्हांस भेटावयास आले. हातांत शंभर पानी वही होती. त्यांच्या चिरंजीवानें तींत एका चित्रपटाची कथा लिहिली होती. "सर, ही वही मुंबईस कोणाला दाखवावी?" असा त्यांचा प्रश्न. शिवाय एका गृहस्थानें 'कथा मोठ्या कंपनींत पोहोंचवितों' असें सांगून पंधरा हजार रुपये मागितले होते. ते द्यावे कीं नाहीं, हें त्यांस कळेना. रुपये देऊं नयेत, एवढें आम्हीं तत्काळ सांगितलें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर मात्र दोन वाक्यांत देण्यासारखें नव्हतें. तें येथें विद्यार्थी व पालक यांच्यासाठीं जरा विस्तारानें देत आहों.

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, अनोळखी माणसाची वही निर्माता सहसा उघडतच नाहीं. यांत केवळ उर्मटपणा नसतो. एक तर येणाऱ्या कथांचा ढीग मोठा. दुसरें, न मागतां आलेली कथा वाचली आणि पुढें तशाच विषयावर चित्रपट निघाला, तर 'माझी कथा चोरली' म्हणून कज्जा उभा राहण्याचें भय. मोऱ्याहून लाँचेनें भाऊचा धक्का गांठतां येतो, जानेवारी २०२४ मध्यें उरणपर्यंत रेल्वेही आली. पण आपण मुंबईस पोहोंचणें आणि मुंबईनें आपली वही हातीं घेणें या दोन निराळ्या गोष्टी होत.

हें कज्जाचें भय काल्पनिक नव्हे. आर. जी. आनंद या नाटककारांनीं १९५३ च्या सुमारास 'हम हिंदुस्तानी' नांवाचें नाटक लिहिलें. प्रांतभेदामुळें दोन कुटुंबांतील विवाहास होणारा विरोध हा त्याचा विषय. लेखकानें तें एका चित्रपट-दिग्दर्शकास वाचूनही दाखविलें. पुढें १९५६ त 'न्यू दिल्ली' हा चित्रपट निघाला. त्यांतही प्रांतभेद व विवाह. आनंद न्यायालयांत गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७८ सालीं लागला आणि तो त्यांच्या विरुद्ध गेला. कल्पना कोणा एकाच्या मालकीची नसते. ती ज्या विशिष्ट रीतीनें मांडली असेल ती मांडणी तेवढी लेखकाची, असें न्यायालयानें ठरविलें. चित्रपट व निकाल यांच्यामध्यें बावीस वर्षें गेलीं! तेव्हां 'एक कोळ्याचा मुलगा आणि एक शहरांतली मुलगी' एवढेंच तोंडीं सांगून येणाऱ्या नवोदिताच्या हातीं कांहींच राहत नाहीं. दृश्यें, पात्रें, संवाद हीं कागदावर उतरलीं म्हणजेच तीं त्याचीं.

लेखन पुरें झालें कीं त्याची नोंद करावी. मुंबईस स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची संस्था आहे. पूर्वीं तिचें नांव फिल्म रायटर्स असोसिएशन असें होतें आणि १९६० सालीं तिची कामगार संघ म्हणून नोंदणी झाली. सभासद होऊन कथा वा पटकथा तेथें घरबसल्या संगणकावरून नोंदवितां येते. नोंदणीनें कथा चांगली ठरत नाहीं. अमुक दिवशीं अमुक मजकूर अमक्याजवळ होता, एवढाच पुरावा राहतो. परंतु वाचणाऱ्या निर्मात्यासही त्यामुळें थोडें निर्धास्त वाटतें.

आतां वहीविषयीं. ती कादंबरीसारखी लिहिलेली होती. 'त्याच्या मनांत विचारांचें काहूर माजलें' अशीं वाक्यें पानोपानीं. कॅमेऱ्यास काहूर दिसत नाहीं! पटकथेंत जें डोळ्यांस दिसेल व कानांस ऐकूं येईल तेंच लिहावयाचें असतें. प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर स्थळ कोणतें, घरांतील कीं बाहेरील, वेळ दिवसाची कीं रात्रीची, हें घालतात. नेहमींच्या पद्धतीनें टंकलेलें एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारें एक मिनिट असा अंदाज धरतात; म्हणून दोन तासांच्या चित्रपटास शंभर ते सव्वाशें पानें पुरतात. याखेरीज एका पानाचें कथासार, आणि एका वाक्यांत सांगतां येईल असा कथेचा गाभा, हीं दोन्हीं तयार असावीं. निर्माता प्रथम तें वाक्य ऐकतो, मग पान वाचतो, आणि दोन्हीं मनास आलीं तरच पटकथेस हात लावतो.

तथापि कागद कितीही नीट केला तरी अनोळखी मनुष्याच्या कागदावर पैसा लावण्यास कोणी सहसा धजत नाहीं. आपल्या देशांत या अडचणीशीं आरंभींच गांठ पडली ती दादासाहेब फाळके यांची. १९१० सालीं मुंबईस येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांच्या मनानें घेतलें. १९१२ त लंडनास जाऊन त्यांनीं यंत्र मिळविलें. पण भांडवलवाले वळावे कसे? फाळक्यांनीं कुंडींत एक वाटाण्याचा दाणा पेरला व त्याची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी चित्रित केली. पडद्यावर पाहतां पाहतां दाणा फुटला आणि रोप वर चढूं लागलें. तें पाहिल्यावर पैसा देणारे मिळाले, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कोरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला.

शंभर वर्षांनंतरही वाट फारशी बदललेली नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरचे नागराज मंजुळे यांनीं मोठा चित्रपट हातीं येण्यापूर्वीं 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग २०१३ त 'फँड्री' व २०१६ त 'सैराट'. चैतन्य ताम्हाणे यांनीं आधीं एक नाटक बसविलें होतें; त्यांत भूमिका करणारे विवेक गोम्बर हेच पुढें त्यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटाचे निर्माते झाले, आणि व्हेनिसच्या महोत्सवांत त्या चित्रपटास पारितोषिकें मिळालीं.

रंगभूमीचें दार तर महाराष्ट्रांत सर्वांत ओळखीचें. विजय तेंडुलकर यांचें 'शांतता! कोर्ट चालू आहे' हें नाटक १९६७ सालीं रंगभूमीवर आलें. १९७१ त सत्यदेव दुबे यांनीं त्याचा चित्रपट केला. त्या चित्रपटाचे छायालेखक गोविंद निहलानी. पुढें निहलानी स्वतः दिग्दर्शक झाले, तेव्हां 'आक्रोश' (१९८०) व 'अर्धसत्य' (१९८३) यांच्या पटकथा तेंडुलकरांनींच लिहिल्या. एका नाटकामुळें झालेली ओळख किती दूरवर चालते, हें यावरून दिसेल. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून आणि पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. मुंबईंतही महाविद्यालयांच्या एकांकिका स्पर्धा होतात. कॉलेजांत जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं स्टुडिओचें फाटक शोधण्यापूर्वीं तेथें नांव द्यावें.

पुढची पायरी कार्यशाळांची. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानें २००७ त पटकथाकारांसाठीं कार्यशाळा सुरू केली. निवडलेली पटकथा अनुभवी मार्गदर्शकांपुढें पुन्हां पुन्हां लिहावी लागते. गोव्याच्या फिल्म बाजारांत निर्माते भेटतात. चुकलेल्या डब्याची कथा सांगणारा रितेश बत्रा यांचा 'द लंचबॉक्स' (२०१३) या वाटेनें गेलेला आहे.

पालकांस पैशाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. लेखकानें पैसे घ्यावयाचे असतात. संस्थेची वर्गणी, नोंदणीचें शुल्क, स्पर्धेची फी एवढा खर्च रास्त. परंतु 'ओळख करून देतों' म्हणून जो हजारोंनीं मागतो, त्यास दारांतूनच नमस्कार करावा. करार वाचल्यावांचून सही करूं नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती झाली. तेव्हांपासून थिएटरांतील प्रदर्शनाखेरीज इतर वापराच्या रॉयल्टीवरील आपला हक्क लेखकास निर्मात्याच्या नांवें सोडून देतां येत नाहीं. आपलें नांव कोठें येईल हेंही करारांत असावें. १९७३ च्या 'जंजीर'च्या भित्तिचित्रांवर लेखकांचीं नांवें नव्हतीं, म्हणून सलीम-जावेद यांनीं रंगारी लावून तीं मुंबईभर उमटवून घेतलीं. रंगाऱ्यानें तीं कोठें नटाच्या तोंडावर, कोठें हातावर उमटविलीं म्हणे. पण नांवें लोकांनीं वाचलीं.

करंज्याच्या त्या वहीचें काय झालें, असें कोणी विचारील. ती आम्हीं वाचली. तींत तीन खून व एक विमान होतें. विमानाचा खर्च कोण करणार, हें लेखकानें सांगितलें नव्हतें. परंतु चौतिसाव्या पानावर बाप व मुलगा पहांटे बंदरावर मासळीच्या लिलावास उभे असतात, भाव पडतो, आणि बाप मुलाकडे न पाहतां टोपली पुन्हां पुन्हां धूत राहतो, असें एक लहानसें दृश्य होतें. तेवढ्याचाच दहा मिनिटांचा लघुपट करावा असें ठरलें आहे. मोबाइल मामाचा, होडी चुलत्याची. बापाची भूमिका करण्यास वडील प्रथम मुळींच तयार नव्हते. आतां भरतीची वेळ पाहून चित्रणाचा दिवस तेच ठरवीत आहेत.