धोक्याचा छेद कोणता?

विमानातून हवाई छत्री घेऊन उडी मारणे अधिक धोक्याचे, की मोटारसायकलवर मित्राच्या मागे बसून शिकवणीला जाणे? वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक हात उडीच्या बाजूने वर होतील. पण धोका हात वर करून ठरत नाही. तो मोजावा लागतो. आणि मोजायचा म्हणजे एकक हवे.

असे एकक अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक रोनाल्ड हॉवर्ड यांनी सुचवले. त्याचे नाव मायक्रोमॉर्ट. एक मायक्रोमॉर्ट म्हणजे मृत्यू येण्याची दहा लाखांत एक एवढी संभाव्यता. ही किती लहान? एक नाणे वीस वेळा उडवा. वीसही वेळा छापच पडण्याची संभाव्यता १०,४८,५७६ मध्ये एक, म्हणजे जवळजवळ एक मायक्रोमॉर्टच. (करून पाहायला हरकत नाही, पण तासिका पुरणार नाही!)

अमेरिकेत २०२३ साली विमानातून सुमारे साडेछत्तीस लाख उड्या मारल्या गेल्या आणि त्यांत १० जण दगावले. भागाकार करा: एका उडीमागे सुमारे २.७ मायक्रोमॉर्ट. आता नॉर्वेतील शेराग या डोंगराकडे वळू. त्याच्या कड्यावरून हवाई छत्रीने थेट दरीत उडी घेणारे हौशी लोक तेथे जमतात. १९९५ ते २००५ या काळात २०,८५० उड्यांत ९ मृत्यू झाले. म्हणजे २,३१७ उड्यांमागे एक. दर उडीस सुमारे ४३० मायक्रोमॉर्ट!

साधन एकाच जातीचे, मग एवढा फरक का? विमानातून उडी घेणाऱ्याच्या पाठीवर दुसरी, राखीव छत्री असते आणि ती उघडण्याइतकी उंचीही हाताशी असते. कड्यावरून उडी घेणारा बहुधा एकच छत्री नेतो. ती उघडताना त्याचे तोंड कड्याकडे वळले, तर सावरायला वेळच मिळत नाही.

अशा हजार उड्या मारल्या तर? हजारदा बेरीज करून ४३ टक्के असे उत्तर काढू नका. याच रीतीने तीन हजार उड्यांचा धोका शंभर टक्क्यांच्या वर जाईल, आणि ते तर अशक्य! प्रत्येक वेळी वाचण्याची संभाव्यता २,३१६ भागिले २,३१७. तिचा हजारावा घात सुमारे ०.६५ येतो. म्हणून धोका ३५ टक्के.

आता रस्ता. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरची होती. लोकसंख्या १४० कोटी धरली तर दर माणशी वर्षाला १२० मायक्रोमॉर्ट झाले, म्हणजे विमानातून मारलेल्या सुमारे ४४ उड्यांइतके. यात घराबाहेर न पडणारी तान्ही बाळेही आली, बरे का! तेव्हा एका उडीची तुलना एका फेरीशी केली तर बहुधा उडी अधिक धोक्याची. वर्षभराच्या रस्त्याशी केली तर रस्ता. छेद बदलला की उत्तर बदलते. शिरस्त्राण घातल्याने अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, असे अभ्यासांत आढळले आहे. एवढ्या स्वस्तात एवढी वजाबाकी क्वचितच मिळते.

स्वतः निवडलेला धोका माणसाला लहान वाटतो. चॉन्सी स्टार या शास्त्रज्ञाने १९६९ साली अंदाज केला, की लादलेल्या धोक्याच्या हजारपट धोका लोक स्वखुशीने पत्करतात.

पावसाळ्यात सह्याद्रीतील धबधब्यांखाली भिजायला जाणाऱ्यांचे काय? वर्तमानपत्रात येतो तो अंश. छेद कोण मोजणार? शिवाय सरासरी काढली तरी ती काठावर बसणाऱ्याला आणि शेवाळलेल्या खडकावर चढणाऱ्याला एकच आकडा लावील. तेथे आकड्यांऐवजी पाण्याकडे पाहावे. ते एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा वाहू लागला, की वर घाटमाथ्यावर जोराचा पाऊस झाला असे समजावे. तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी लोंढा काही मिनिटांत खाली येऊ शकतो.