पैसे भरले, आता ते बघतील?

‘आश्रम नोंदणीकृत आहे, म्हणजे सरकार लक्ष ठेवून असणारच.’ वृद्धाश्रमाच्या पायरीवरच हा समज घट्ट होतो. महाराष्ट्रातले बरेच आश्रम धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदलेले असतात. तिथे विश्वस्त, मिळकत आणि हिशेब यांची दखल घेतली जाते. रात्री आजींना कुशीवर कोणी वळवलं, याची नाही. भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा ‘रात्रपाळीला किती माणसांमागे किती मावशी असतात?’ हा प्रश्न जास्त कामाचा. त्याचं थेट उत्तर मिळालं नाही, तर मी तरी तिथे डिपॉझिट भरणार नाही.

‘अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा व्हायच्याच’ हे तर आपण वयाच्या खात्यावर सरळ टाकून मोकळे होतो. एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि माकडहाड, खुबे, टाचा इथली कातडी आतून मरू लागते. ओली चादर आणि अपुरा आहार त्यात भर घालतात. बहुतेक बेडसोर टाळता येतात: साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, कातडी कोरडी ठेवणं, पोटात पुरेशी प्रथिनं जाणं. हवेची गादी मदत करते, पण ती आहे म्हणून वळवणं सुटत नाही. दाबल्यावरही न जाणारा लालसरपणा ही पहिली खूण. सावळ्या कातडीवर तो पटकन दिसत नाही, म्हणून ती जागा गरम किंवा कडक लागते का, ते हाताने पाहावं. खाऊचा डबा देऊन परत फिरण्याआधी पांघरूण बाजूला करून टाचा बघाव्यात. आईला संकोच वाटेल, वाटू द्या.

‘पडू नयेत म्हणून बांधतो, त्यांच्याच भल्यासाठी.’ बांधल्याने स्नायू झिजतात, सुटण्याच्या धडपडीत इजा होते, पट्टा अडकून जीवही जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच; त्या गुंगीत पडण्याचा धोका उलट वाढतो. गोळी कोणत्या डॉक्टरांनी, कधीपासून दिली, ती चिठ्ठी मागावी.

‘तक्रार केली तर राग आईवर काढतील.’ ही भीती निराधार आहे, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही, त्याचीच हेळसांड आधी होते. आधी आईशी एकटीशी बोला, वेगवेगळ्या वेळी जा, मग तारखेसह, फोटोसह लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

‘कायद्याने काही होत नाही’ म्हणणारे बहुधा चुकीच्या दारात उभे असतात. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालचं न्यायाधिकरण मुख्यतः मुलं-नातेवाइकांकडून निर्वाह मिळवून देतं. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाली, तर जिल्हा ग्राहक आयोग. आश्रमाला भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत हवी. पूर्ण मोफत आश्रमाला ग्राहक कायदा लागू होत नाही. मारहाण झाली असेल तर सरळ पोलीस ठाणं गाठावं. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालते. त्यानंतर तातडीचं काही घडलं, तर ११२.