चौकाभोवती बाजार : हिंगोलीत मॉल बांधायचा तर

मे महिन्यात हिंगोलीचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा गावात काचेच्या दर्शनी भिंतीचा मॉल उभारला, तर ऊन आधी आत येतं आणि मग दिवसभर एसी चालवून ते बाहेर काढावं लागतं. याहून शहाणी रचना दोन ठिकाणी आधीच आहे : चीनमधल्या हाक्का लोकांच्या तुलौंमध्ये आणि आपल्या मराठवाडी वाड्यांमध्ये.

तुलौ म्हणजे मातीचं गोल किंवा चौकोनी बहुमजली घर. फुजियान प्रांतातल्या अशा ४६ वास्तूंना २००८ साली युनेस्कोने जागतिक वारसा मानलं. बाहेरची भिंत अतिशय जाड, खालच्या मजल्यांना खिडक्या जवळपास नाहीत. खोल्यांची दारं मधल्या चौकाकडे उघडतात. प्रत्येक कुटुंबाला इमारतीचा एक उभा भाग मिळतो : तळाला चूल, त्यावर धान्य, त्याच्यावर निजायच्या खोल्या. आपल्याकडेही ढेळज ओलांडली की चौक, भोवती ओसरी, पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद.

हे गार कसं राहतं? जाड मातीतून उष्णता आत पोचायला कित्येक तास लागतात. तोवर ऊन उतरतं. रात्री उघड्या चौकातून साठलेली उष्णता आकाशाकडे निघून जाते.

आता हीच रचना मॉलमध्ये आणू. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून पाया खालच्या मुरमापर्यंत न्यावा. सांगाडा आरसीसीचा, भिंती मुरमाड मातीत साधारण पाच टक्के सिमेंट मिसळून दाबलेल्या विटांच्या. पावसाचे शिंतोडे मातीला लागू नयेत म्हणून जोतं दगडी.

गाळे तुलौसारखे उभे वाटावेत : खाली दुकान, वर त्याच दुकानदाराचं गोदाम. पुढे सलग ओसरी, म्हणजे गिऱ्हाईक सावलीतून फिरेल. चौकात बचत गटांचे स्टॉल लागतील. छपरांचं पाणी चौकाखालच्या हौदात साठेल. एक गोष्ट मात्र बदलायलाच हवी. तुलौला लुटारूंच्या भीतीने बहुधा एकच मोठा दरवाजा असे. इथे आग लागली तर माणसं पटकन बाहेर पडावीत म्हणून चारही बाजूंना वाटा हव्यात.

दर्शनी भागावर लाकडी खांब चिकटवून किंवा लाल कंदील टांगून वारसा जपला जात नाही. तो इमारतीच्या कामात उतरावा लागतो. म्हणून वास्तुविशारदाला पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी विचाराव्यात : चौक किती मोठा आणि पश्चिमेची भिंत किती जाड?